सहा तारांची रुजवात

१९५७ साली इंग्लंडात बर्ट वीडन नावाच्या एका व्यावसायिक गिटारवादकाने ‘प्ले इन अ डे’ हे शिकवणीचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि एका दिवसात वादन शिकवण्याची जी हमी त्याच्या नावातच दिलेली होती ती कोणाच्या बाबतीत खरी ठरली असेल असे मानणे कठीण असले, तरी त्या पुस्तकावर हात बसवणाऱ्यांत एरिक क्लॅप्टन, जॉर्ज हॅरिसन आणि ब्रायन मे ही नावे निघतात, एवढी एकच गोष्ट ग्रंथकर्त्याची अब्रू राखण्यास पुरेशी आहे. तथापि या मुलांनी पुस्तकातून घेतले ते तारा कशा जुळवाव्यात, बोटे कोठे ठेवावीत, इतकेच. खरी विद्या त्यांना मिळाली ती तबकड्यांतून. कीथ रिचर्ड्स आणि मिक जॅगर हे बालपणीचे शाळासोबती १९६१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या डार्टफर्ड स्थानकावर अवचित पुन्हा भेटले, तेव्हा त्यांच्या मैत्रीस निमित्त झाले ते जॅगरच्या काखेतील चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या अमेरिकन तबकड्यांचे. ‘रोलिंग स्टोन्स’ या नावाने पुढे जगभर गाजलेल्या मंडळीची पाठशाळा म्हणजे या तबकड्याच होत्या.

हे सांगण्याचे कारण असे की, रॉक हे आधी कागदावर लिहून मग वाजवलेले संगीत नव्हे. युरोपच्या अभिजात संगीतात रचनाकाराची लिखित संहिता हा अस्सल दस्तऐवज आणि प्रत्येक वादन ही त्याची बजावणी; रॉकमध्ये हा क्रम उलटा होऊन ध्वनिमुद्रण हेच अस्सल ठरते, आणि दुकानात मिळणारी स्वरलिपीची पुस्तके, सहा रेघांवर आकडे मांडून बोटांच्या जागा दाखवणाऱ्या ‘टॅब’ – ज्यांची रीत सोळाव्या शतकातील ल्यूटवादकांपासून चालत आलेली आहे – किंवा हल्लीच्या चित्रफितींतील पाठ, ही सर्व त्या अस्सलावरून मागाहून कोणीतरी काढलेली नक्कल असते. नक्कल निरुपयोगी असते असे नव्हे, पण नकलनवीस चुकतो, घाई करतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या नकलेवरूनच तिसरी नक्कल उतरवतो. म्हणून ज्याला ही गाणी शिकावयाची आहेत त्याने हाती आलेल्या प्रत्येक कागदाची मूळ ध्वनीशी रुजवात घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली पाहिजे. गुरुमुखातून विद्या घेण्याच्या वहिवाटीत वाढलेल्या मराठी वाचकास यात विपरीत असे काही वाटू नये. फरक इतकाच की, हा गुरू शंकेचे उत्तर देत नाही, आणि शंभर वेळा विचारले तरी त्रासतही नाही.

जुन्या ग्रामोफोन यंत्रांपैकी पुष्कळांवर मिनिटाला ३३⅓, ४५ आणि ७८ फेऱ्यांबरोबर १६⅔ फेऱ्यांचीही सोय असे. तिचा मूळ उद्देश काहीही असो, तिचा खरा लाभ गिटार शिकणाऱ्या मुलांनी उठवला. कारण लाँगप्ले तबकडी त्या वेगाने फिरवली की लय बरोबर निम्मी होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो, म्हणजे स्वराचे नाव तेच राहून तो दुप्पट वेळ कानाशी थांबतो. एरवी विजेसारखी निघून जाणारी सोलोतील एखादी ओळ अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी पकडून, सुई उचलून पुन्हा पुन्हा मागे ठेवीत, वाद्यावर उतरवण्यात या मुलांच्या संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. आज संगणकावर हेच काम स्वर खाली न उतरवता चुटकीसरशी होते, आणि तरीही शिकणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ते करतात. या विद्येच्या सद्यःस्थितीतील ही सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे मत आहे.

आता वाद्याकडे वळू. गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा जुळवतात. जाड ईची कंपने सेकंदाला सुमारे ८२ आणि बारीक ईची सुमारे ३३०, म्हणजे दोहोंत दोन सप्तकांचे अंतर. शेजारच्या दोन तारांत सर्वत्र षड्ज-मध्यमाचे अंतर असते, अपवाद फक्त जी आणि बी यांचा, जेथे ते षड्ज-गांधाराचे होते. आणि हा अपवाद नसता तर हाताच्या एका ठेवणीत पाच-सहा तारा दाबून कॉर्ड धरणे, म्हणजे तीन किंवा अधिक स्वरांचा मेळ एकदम वाजवणे, फारच कष्टाचे झाले असते. ई, ए, डी, जी, सी आणि ई व ए यांचे मायनर रूप, इतक्या कॉर्ड बोटांवर बसल्या म्हणजे रॉकच्या भांडाराचा मोठा भाग खुला होतो, कारण हे संगीत ज्या ब्लूजमधून निघाले त्याचा नेहमीचा बारा मात्राखंडांचा सांगाडा षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेल्या तीनच कॉर्डांवर तोललेला असतो. चक बेरीचे १९५८ चे ‘जॉनी बी. गूड’ याच सांगाड्यावर उभे आहे, आणि १९७७ साली ग्रहमालेपलीकडे धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत बाख आणि बेथोव्हन यांच्याबरोबर, तसेच आमच्या केसरबाई केरकरांबरोबर, त्यालाही जागा मिळालेली आहे. तीन कॉर्डांना हिणवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नवशिक्याची पहिली खरी कसोटी लागते ती एफ या कॉर्डवर. ‘ॲनिमल्स’ या मंडळीने १९६४ साली ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुने अमेरिकन लोकगीत ध्वनिमुद्रित केले, त्यात हिल्टन व्हॅलेंटाइनने कॉर्डचे स्वर एकदम न छेडता एकेक तार क्रमाने छेडली असल्यामुळे ते गाणे सर्वत्र प्राथमिक अभ्यासासाठी घेतले जाते. ए मायनर, सी आणि डी या पायऱ्या सहज चढून विद्यार्थी एफपाशी येतो आणि तर्जनीने पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरील पहिल्या आडव्या पट्टीच्या घरात, एकदम सगळ्या तारा दाबताना त्याचा धीर सुटतो. येथे जोर लावणे हा उपाय नव्हे. तर्जनीचा मांसल सपाट भाग न वापरता अंगठ्याकडील हाडाची कड तारांवर टेकवावी, बोट फ्रेटच्या पट्टीस अगदी लगटून ठेवावे, आणि अंगठा गळ्याच्या मागे मध्यावर घेऊन दाब हाताच्या वजनाने येऊ द्यावा. इतके करूनही तारा मुक्या राहिल्या तर वाद्य जाणकार कारागिराला दाखवावे, कारण स्वस्त गिटारमध्ये टोकाच्या पट्टीवरील खाचा बहुधा उथळ असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तारा नको तितक्या उंच राहतात, आणि ज्या कॉर्डसाठी मुले महिनोन्महिने स्वतःच्या बोटांना दोष देतात ती कानशीच्या चार हातांनी सुसाध्य होते.

अस्सल आणि नक्कल यांतील तफावत पाहावयाची असेल तर जगातील बहुतेक प्रत्येक गिटारशिक्षकाच्या दारात जी रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली, ऐकू येते तीच घ्यावी. १९७१ च्या डिसेंबरात ‘डीप पर्पल’ ही इंग्लिश मंडळी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे एका गीतसंग्रहाच्या ध्वनिमुद्रणासाठी गेली होती. ४ डिसेंबर रोजी तेथील कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असता प्रेक्षकांतील कोणीतरी संकेताच्या दारूचा बार छताकडे उडवला, आग लागून सगळी इमारत भस्मसात झाली, आणि जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर या मंडळीने पलीकडून पाहिला. त्यावरून ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे झाले. ठरलेली जागाच जळाल्यामुळे रोलिंग स्टोन्सकडून भाड्याने आणलेली ध्वनिमुद्रणाची मोटारगाडी घेऊन ही मंडळी गावभर फिरली, एका नाट्यगृहात काम सुरू करताच शेजाऱ्यांनी गलक्याबद्दल पोलिसांत तक्रार केली, आणि अखेर हिवाळ्यामुळे रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या दालनांत गाद्या रचून तो संग्रह पूर्ण झाला. त्या गाण्यातील, या मंडळीचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या रिफमध्ये स्वर अवघे चार – षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम – आणि म्हणूनच ती पहिल्याच आठवड्यात एका तारेवर कोणालाही वाजवता येते. पण तबकडीशी रुजवात घालून पाहिली की ती तशी लागत नाही. ब्लॅकमोर ती डी आणि जी या शेजारच्या दोन तारांवर वाजवतो. त्यांपैकी जी हा षड्ज धरला तर डी हा त्याखालचा पंचम होतो, आणि ही जोडी तशीच्या तशी वर-खाली सरकत राहते. शिवाय तो येथे पिक, म्हणजे तारा छेडण्याची चकती, वापरीत नाही, दोन्ही तारा अंगठ्याने आणि बोटाने एकाच क्षणी उचलतो, त्यामुळे पिकच्या आघाताने एक तार आधी आणि दुसरी निमिषमात्र नंतर वाजण्याचा जो प्रकार होतो तो टळून दोन्ही स्वर एका तोंडाने बोलल्यासारखे उमटतात. छापील कागद स्वर सांगतो. हे सांगत नाही.

रॉकच्या आवाजातील खरखर जन्माला आली ती यंत्राचा दोष म्हणून. १९६४ साली ‘किंक्स’ मंडळीतील सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ‘एल्पिको’ ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा शंकू दाढीच्या पात्याने कापला, आणि त्या फाटक्या शंकूतून निघालेला आवाज ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यातून घरोघर पोचला. पुढच्याच वर्षी रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची रिफ ‘फझ-टोन’ नावाच्या पेटीतून वाजवली, तीही पुढे तेथे फुंकवाद्ये घालावयाची आहेत अशी तात्पुरती खूण म्हणून, पण इतरांनी ती खूणच कायम करून टाकली. या खरखरीमागे एक गणित आहे, आणि ते समजले म्हणजे रॉकमध्ये केवळ षड्ज-पंचमाची ‘पॉवर कॉर्ड’ इतकी का वाजते याचा उलगडा होतो. ॲम्प्लिफायरवर त्याच्या कुवतीबाहेर भार पडला की ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात, आणि दोन स्वर एकत्र वाजत असल्यास त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर त्यात आपोआप मिसळतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे त्यांच्या वजाबाकीतून निघणारा स्वर हा खालच्या सप्तकातील षड्जच असतो, म्हणजे यंत्राचा दोष मूळ सुरालाच बळकटी देतो. गांधाराची गोष्ट निराळी. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या फ्रेटांवर पंचम हा नैसर्गिक पंचमाहून अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी जेमतेम दोन भाग उतरलेला असतो, परंतु शुद्ध गांधार सुमारे चौदा भाग चढलेला असतो. तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधारावर ज्यांचा कान तयार झाला आहे त्यांना हे चढेपण साध्या गिटारवरही खुपते, आणि खरखरीतून गेले की ते शतगुणित होऊन आवाजाचा चिखल होतो. म्हणून गांधार गाळावयाचा, आणि म्हणूनच, घरच्या साध्या लाकडी गिटारवर पॉवर कॉर्ड रिकामी-रिकामी वाटली तर तेथे निःसंकोचपणे पूर्ण कॉर्ड धरावयाची.

कधीकधी तारा जुळवण्याची रीतच निराळी असते, आणि मग नक्कल कितीही काळजीपूर्वक काढलेली असो, हात त्या ठिकाणी पोचतच नाही. रिचर्ड्स १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वांत जाड तार काढून टाकून उरलेल्या पाच जी, डी, जी, बी, डी अशा जुळवू लागला. मोकळ्या तारा छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजते, आणि एका बोटाने आडव्या दाबून उरलेली दोन बोटे टाकली-उचलली की ‘ब्राउन शुगर’ किंवा ‘स्टार्ट मी अप’ यांतील ते ओळखीचे हेलकावे निघतात. नेहमीच्या जुळवणीत हीच गाणी वाजवणारा विद्यार्थी सर्व स्वर बरोबर घेऊनही गाण्याबाहेर राहतो. ‘ब्लॅक सॅबथ’च्या टोनी आयोमीचे उदाहरण याहून हृदयस्पर्शी आहे: १९६५ साली बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या घडवल्या, बारीक तारा वापरल्या, आणि पुढे ताण आणखी हलका करण्यासाठी सबंध वाद्य दीड स्वराने खाली उतरवले. ज्या काळोख्या, जड आवाजाला लोक त्या मंडळीची कल्पकता समजतात त्याचा बराचसा भाग या दुखापतीच्या तडजोडीतून आलेला आहे.

सोलो वाजवताना तार बोटाने बाजूस ओढून स्वर चढवतात, त्याला ‘बेंड’ म्हणतात, आणि सतारीची मींड ज्याने ऐकली आहे त्याला तिचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक बोट दुबळे पडते. म्हणून अनामिकेने तार ओढावी आणि मागची दोन बोटे तिच्या पाठीशी लावावीत. चढलेला स्वर नेमका कोठे पोचावयाचा हे आधी तो स्वर पुढच्या फ्रेटवर वाजवून कानात साठवावे आणि मगच ओढावे, कारण अर्ध्या वाटेवर थांबलेली बेंड ऐकणाऱ्याला चुकीच्या स्वराहूनही अधिक त्रास देते. गोव्याच्या चर्चमधील शाळांतून स्टाफ नोटेशन शिकून मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आलेल्या वादकांनी, आणि अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या संयोजकांनी, लिखित स्वरलिपीची जी थोर परंपरा आपल्याकडे रुजवली तिच्याविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण बेंडमधील हा प्रवास त्या लिपीलाही खुणेपुरताच दाखवता येतो.

डाव्या हाताचे इतके कौतुक झाल्यावर उजव्या हाताचे गाऱ्हाणे थोडक्यात मांडतो. नव्वद टक्के शिकाऊ मंडळी डाव्या हाताकडे पाहत बसतात, आणि गाणे बिघडते ते उजव्या हातामुळे. मेट्रोनोम लावून, मूळ लयीच्या निम्म्यावर, कॉर्ड न धरता नुसता खाली-वर हात चालवण्याचा अभ्यास कंटाळवाणा खरा, पण त्याला पर्याय नाही. आणि वाजवण्याइतकेच न वाजवणेही शिकावे लागते, म्हणजे घंटा वाजल्यावर तिच्यावर हात ठेवावा तसा तळहाताचा काठ पुलाजवळ तारांवर टेकवून नको असलेला नाद तोडावा लागतो.

लिखित प्रत आणि ध्वनी यांच्या या तंट्याचा निवाडा एकदा खरोखरीच कचेरीत झाला. ‘लेड झेपेलिन’च्या १९७१ मधील ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात ‘स्पिरिट’ या मंडळीच्या १९६८ मधील ‘टॉरस’ या रचनेवरून उचलली आहे, अशी फिर्याद त्या रचनेचा कर्ता रँडी कॅलिफोर्निया याच्या मृत्यूनंतर त्याच्या मिळकतीच्या विश्वस्ताने २०१४ साली अमेरिकेत दाखल केली. ए मायनरपासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरणारी मंद्र स्वरांची ओळ दोन्हींत आहे, आणि ती त्यांच्याही आधी अनेकांनी वापरलेली होती. परंतु दाव्याचा खरा कस लागला तो निराळ्याच मुद्द्यावर: १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काची व्याप्ती नोंदणीच्या वेळी दफ्तरात जमा केलेल्या कागदी प्रतीपुरतीच, आणि ती प्रत म्हणजे ‘टॉरस’च्या स्वरांची एक पानी टाचणवजा नोंद, सबब ज्युरीसमोर मूळ तबकडी तुलनेसाठी वाजवू दिली गेली नाही. २०१६ साली ज्युरीने प्रतिवादींच्या बाजूने निकाल दिला, अपिलात एकदा फेरसुनावणीचा हुकूम झाला, पण २०२० च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मूळ निकाल कायम केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालण्यास नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने निवाडा योग्य असेलही. परंतु ज्या संगीताची सगळी मालमत्ता ध्वनीत आहे त्याचा फैसला एका कागदावरून व्हावा, ही विसंगती गिटार शिकणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. ‘लेड झेपेलिन’मधील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईस आले होते आणि येथील वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास मात्र २०१५ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा आणखी एका ठिकाणी जुळतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, हा मूळचा पियानो वाजवणारा; गिटारवर त्याला मोजक्याच कॉर्ड येत, आणि म्युनिकमधील एका हॉटेलात टबात बसल्या बसल्या, काही मिनिटांत, ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे १९७९ चे गाणे त्याने त्या मोजक्या कॉर्डांवरच रचले. आपल्या अज्ञानाची मर्यादाच येथे उपकारक ठरली, असे तो स्वतः म्हणे. पियानोवर जो माणूस ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचू शकतो त्याने हातातील वाद्याची आपल्यापुरती सीमा ओळखून तिच्या आत राहावे, यात नवशिक्यांनी घेण्याजोगे पुष्कळ आहे.

धोबीतलावच्या रंगभवनात एकेकाळी ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या कार्यक्रमांना दाटी करणारी पिढी आता पोक्त झाली, आणि तिची मुले भिंतीवर टांगलेली गिटार खाली उतरवू लागली आहेत, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. वाद्य महागाचे घेऊ नका, पण घेतलेले वाद्य कारागिराकडून नीट करून घ्या. एका वेळी एकच गाणे घ्या, आणि ते हाती घेण्यापूर्वी निदान आठवडाभर नुसते ऐका. टॅब मग उघडा, आणि जेथे ती कानाशी पटत नाही तेथे कानाचे म्हणणे मान्य करा. गाणे मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर आरंभापासून अखेरपर्यंत न थांबता वाजवता आले म्हणजेच ते आले असे समजा. सुरुवातीच्या आठ मात्रा मित्रांना ऐकवून गिटार खाली ठेवणारे गावोगाव आहेत. आणि महाविद्यालयीन संमेलनात हमखास फर्माइश होते ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ इतक्यात घेऊ नका: ते बी मायनरमध्ये आहे, त्यातील बारा तारांच्या गिटारला सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चाप, लावलेला आहे, आणि त्याच्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श असे दोन गिटारवादक लागले होते. ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.